पिझ्झाला नुसतं ‘मस्त’ म्हणू नका
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भाकरीला नावं ठेवायला आपल्या भाषेत किती शब्द आहेत, याची कधी मोजदाद केली आहे? कच्चट, करपलेली, वातड, पिठूळ, दडदडीत, कडेला चिरलेली. आणि जमून आली तर खरपूस, लुसलुशीत, पापुद्रा सुटलेली. पहिली भाकरी ताटात पडली की घरातली चार माणसं चार शब्दांत तिची परीक्षा घेतात. त्याच घरात रविवारी रात्री पिझ्झाचा खोका उघडला जातो आणि खाऊन झाल्यावर ‘कसा होता?’ असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘मस्त.’ नाहीतर ‘बकवास.’ या दोन शब्दांच्या मधलं सगळं मराठी त्या वेळी कुठे जातं, हे मला पडलेलं कोडं आहे.

हे कोडं आता नुसतं गमतीचं राहिलेलं नाही. पूर्वी आपलं मत फार तर शेजारच्या घरापर्यंत जायचं. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. जेवण संपलं की तो पाच चांदण्या पुढे करतो आणि किती देता, असं विचारतो. आपण सोफ्यावर लोळत एका बोटाने एक देतो किंवा पाच देतो. त्या चांदण्या मोजून दुसरं घर कुठून मागवायचं ते ठरवतं. म्हणजे आपल्या ‘बकवास’ला आता बाजारभाव आला आहे आणि तो कुणालातरी भरावा लागतो. म्हणून आज पिझ्झाबद्दल बोलायचं ठरवलं. तो कुठे खावा हे मी सांगणार नाही. खाल्ल्यावर त्याच्याबद्दल काय आणि कसं बोलावं, एवढंच सांगणार आहे.

मी राहते विरार पूर्वेला, फुलपाड्यात. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. एका बाजूला जीवदानीचा डोंगर, जवळच पापडखिंडीचं धरण, आणि मध्ये चाळी, बैठी घरं आणि दर वर्षी वाढणाऱ्या इमारती. नावात ‘पाडा’ राहिला, बाकी सगळं शहर झालं. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका आली, २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. पण इथल्या माणसाचा दिनक्रम अजूनही लोकलच्या वेळापत्रकावरच चालतो. रात्री साडेनऊला विरार गाडीतून उतरलेला माणूस शेअर रिक्षाच्या रांगेत उभा असतो, तेव्हा घरून फोन येतो, ‘येताना काहीतरी घेऊन या.’ हे ‘काहीतरी’ पूर्वी वडापाव, भजी किंवा दाबेली असायचं. गेल्या काही वर्षांत त्या यादीत पिझ्झा शिरला आणि चांगला स्थिरावला.

खरं तर या भागाला मैद्याची आणि आंबवण्याची ओळख जुनीच आहे. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधली दोनशे वर्षं पोर्तुगीज इथे होते. ‘पाव’ हा शब्दच त्यांचा. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांत लग्नकार्याला फुगे तळतात, त्यांचं पीठ ताडी घालून आंबवण्याची रीत जुनी आहे. आता टोमॅटो पाहा, ढोबळी मिरची पाहा, मका पाहा. हे सगळे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे, आणि ते इटलीलाही परकेच होते. शेजारचं सोपारा हे प्राचीन बंदर. रोमशी व्यापार चालायचा त्या काळातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. पण त्या वेळी टोमॅटो ना सोपाऱ्याला ठाऊक होता, ना रोमला. तेव्हा पिझ्झा त्यांचा आणि भाकरी आपली, असा फार कडक हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

सरकारनेही तो मांडलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे जे नवे दर लागू झाले, त्यात पिझ्झाचा ब्रेड, खाकरा आणि चपाती-रोटी हे तिन्ही पदार्थ एकाच ओळीत बसवले आहेत. तिघांवर आधी पाच टक्के कर होता, तो एकदमच शून्य झाला. हॉटेलातल्या तयार पिझ्झाला ही सवलत नाही, ती फक्त बेसला आहे. कर खात्याने पिझ्झाच्या बेसला पोळीच्या पंक्तीला बसवलं आहे, तर आपणही त्याची परीक्षा पोळी-भाकरीच्या शब्दांत घ्यायला काय हरकत आहे?

परीक्षा घ्यायची तर प्रश्नपत्रिका हवी. माझी चार प्रश्नांची आहे. बेस कसा भाजला आहे? सॉसची चव काय आहे? चीज खरोखर चीज आहे का? आणि दुकानाने जे कबूल केलं ते दिलं का? एवढ्या चार प्रश्नांवर कोणत्याही पिझ्झाचा निकाल लागतो. मात्र एक पथ्य पाळायचं. ज्या जातीचा पिझ्झा असेल, त्या जातीच्या मोजमापाने तो मोजायचा. आंबोळीला ‘तू डोशासारखी कुरकुरीत का नाहीस?’ असं आपण विचारत नाही.

हे पथ्य का, ते सांगते. पिझ्झाचं माहेर इटलीतलं नेपल्स शहर. १८८९ साली राणी मार्गेरिता तिथे आली, तेव्हा तिच्यासाठी टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या जातीची पानं घालून पिझ्झा केला, आणि तेच नाव त्याला पडलं, अशी गोष्ट सांगतात. इतिहासकारांनी तिच्याबद्दल शंका घेतल्या आहेत, पण गोष्ट काही हटत नाही. नेपल्समध्ये १९८४ साली खास या पिझ्झाच्या रक्षणासाठी संस्था निघाली आणि २०१७ साली तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने वारशाच्या यादीत जागा दिली. तिथली रीत अशी की पीठ कित्येक तास मुरवायचं, हाताने थापायचं आणि लाकडाच्या भट्टीत चारशे अंशांच्या वर तापमानात साठ ते नव्वद सेकंदांत भाजून काढायचं. आमच्या फुलपाड्यातल्या दुकानात विजेचा ओव्हन असतो. तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापतो आणि त्यात पिझ्झा आठ-दहा मिनिटं राहतो. त्याला नेपल्सची फूटपट्टी लावून नापास करणं म्हणजे रिक्षावाल्याला विमान उशिरा आलं म्हणून ओरडण्यासारखं आहे.

तर आमच्याकडे चार जातींचे पिझ्झे मिळतात. आमच्या सोसायटीतली तीन मुलं आणि मी, अशी आमची एक परीक्षक मंडळी आहे. मुलं मला काकू म्हणतात आणि बिल मीच देते, त्यामुळे अध्यक्षपद माझ्याकडे आहे. दुकानांची नावं मी घेणार नाही. पण ही चार दुकानं तुमच्याही गल्लीत असणार, याची मला खात्री आहे.

पहिला, बेकरीचा पिझ्झा. परदेशी साखळी दुकानं भारतात १९९६ साली आली. दिल्लीत डॉमिनोजचं आणि बंगळूरला पिझ्झा हटचं पहिलं दुकान त्याच वर्षी उघडलं. ती विरारला येईपर्यंत बेकरीनेच आम्हाला पिझ्झा शिकवला. काचेच्या कपाटात पॅटिस आणि क्रीम रोल यांच्या शेजारी तळहाताएवढा गोल ठेवलेला असतो. त्यावर कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटोची फोड आणि किसलेलं चीज. मागितला की गरम करून देतात. याचा बेस म्हणजे पावाचाच सख्खा भाऊ. जाड, किंचित गोडसर, वरून मऊ. ताजा असेल तर लुसलुशीत, सकाळचा असेल तर संध्याकाळपर्यंत पिठूळ होतो आणि घशात बसतो. सॉस म्हणजे बहुतेक वेळा बाटलीतला गोड टोमॅटो सॉस. चीज वितळतं पण त्याची तार निघत नाही, कारण ते मोझरेला नसून डब्यातलं प्रोसेस्ड चीज असतं. हा दोष नव्हे, ही त्याची जात. आमच्या मंडळींचा निकाल असा: बेकरीचा पिझ्झा ज्या वेळी पाव भट्टीतून निघतो, त्याच सुमाराला खावा. चहाबरोबर उत्तम. जेवण म्हणून मागवला तर तो बिचारा उघडा पडतो.

दुसरा, गाडीवरचा पिझ्झा. संध्याकाळी सहा वाजता गाडी लागते. तिथे ओव्हन नसतो, तवा असतो. प्लास्टिकच्या पिशवीतला तयार बेस तव्यावर बटर सोडून आधी खालून शेकतात. मग उलटून त्यावर शेजवान चटणी किंवा सॉस, भाज्या, मक्याचे दाणे, वरून चीजचा भरघोस कीस, आणि मोठं झाकण. आपण थालीपीठ करताना झाकण ठेवून वाफ आणतो, अगदी तसंच. म्हणून याचा तळ खरपूस आणि कुरकुरीत होतो, पण वरच्या बाजूला भट्टीचा भाजका रंग कधीच येत नाही. चीज वाफेवर वितळतं, भाजलं जात नाही. थालीपीठ ज्याला कळतं त्याला हा पिझ्झा लगेच कळतो. गाडीवाला दादा घाईत असेल तर तळ करपतो आणि भाज्या कच्च्या राहतात. निवांत असेल तर दोन्ही जमतं. रविवारी आठ वाजता गर्दीत खाल्लेल्या आणि मंगळवारी साडेसहाला खाल्लेल्या पिझ्झात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, हे आम्ही दोनदा पडताळून पाहिलं आहे. इथेच ‘जैन पिझ्झा’ही मिळतो, कांदा-लसूण नसलेला. मुलांनी आधी नाक मुरडलं, पण लसणाचा आडोसा नसल्यामुळे त्यात टोमॅटोची चव स्वच्छ कळते. सॉस पारखायचा असेल तर जैन पिझ्झाच मागवावा, असा ठराव आमच्या मंडळाने एकमताने केला आहे.

सॉसबद्दल बोलतेच आहे तर ओरेगॅनोचंही सांगते. ती पुडी म्हणजे काहीतरी फार परदेशी आहे, अशी समजूत असते. दारातल्या कुंडीतल्या पानओव्याचं एक पान चुरगळून हुंगा. तोच वास आहे. तेव्हा त्या वासाला ‘इटालियन’ म्हणण्यापेक्षा ‘ओव्यासारखा, जरा उग्र’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला काहीतरी कळेल.

तिसरा, गल्लीतल्या ओव्हनवाल्याचा पिझ्झा. छोटं दुकान, चार खुर्च्या, भिंतीवर रंगीत मेनू आणि बाहेर ‘एकावर एक फुकट’ असा फलक. असं दुकान बहुधा नवरा-बायको किंवा दोन भाऊ चालवतात. काही जण पीठ स्वतः मळतात, काही तयार बेस आणतात. हे ओळखायला खालची बाजू पाहावी. तयार बेसला साच्याचे किंवा टोचल्याचे एकसारखे ठसे असतात आणि कड सगळीकडे सारख्या उंचीची असते. हाताने केलेल्याची कड एका बाजूला फुगते, एका बाजूला बसते, आणि मोडली तर आत जाळी दिसते. अशी जाळी दिसली की समजावं, पीठ नीट आंबलं आहे. इडलीला आणि अनारशाला आपण हेच पाहतो.

या दुकानांत गणित मात्र येणाऱ्याने करावं. सात इंची पिझ्झावर सात इंची फुकट, की एकच दहा इंची घ्यावा? दोन साताचे चौदा होतात, म्हणून पहिला सौदा मोठा वाटतो. पण पिझ्झा गोल आहे, तिथे इंचांची बेरीज चालत नाही. सात इंची पिझ्झाचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस इंच, दोघांचं मिळून सत्याहत्तर. दहा इंचीचं एकट्याचं साडेअठ्ठ्याहत्तर. म्हणजे एक दहा इंची हा दोन सात इंचींपेक्षा किंचित मोठाच. शिवाय कडेची एक इंच कोरडी सोडली, तर दोन लहानांवर मिळून सुमारे एकोणचाळीस चौरस इंच सॉस-चीज, आणि एका मोठ्यावर पन्नास. बाकीची नुसती कड. नववीतल्या आमच्या परीक्षकाने हे पेन घेऊन खोक्याच्या झाकणावर करून दाखवलं. क्षेत्रफळाचा धडा त्याला त्या दिवशी कायमचा समजला, आणि मलाही.

चौथा, मोठ्या साखळी दुकानाचा. त्याला हसण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ‘काय ते, सगळीकडे सारखंच!’ पण सारखंच देणं हे साधं काम नाही. विरारला, पुण्याला आणि नागपूरला एकाच चवीचा बेस द्यायचा, तर पीठ, पाणी, तापमान आणि वेळ या चारही गोष्टी बांधून ठेवाव्या लागतात. तिथे ओव्हनमधला सरकता पट्टाच पिझ्झाला ठरलेल्या वेळात आत नेतो आणि बाहेर काढतो, त्यामुळे कारागिराचा हात गरम असो की थंड, भाजणी बदलत नाही. तिथे कच्चट बेस क्वचित मिळतो. पण कधी अचानक फार चांगलाही मिळत नाही. पंगतीतल्या जिलबीसारखं आहे ते. सगळ्यांना एकसारखी, पण कढईशेजारी उभं राहून खाल्लेल्या जिलबीची सर तिला नाही.

आता एक दोष असा आहे, जो चारही दुकानांच्या माथी मारला जातो आणि बऱ्याचदा त्यांचा नसतो. घरी आलेला पिझ्झा मऊ पडलेला असतो. आपण लगेच ‘बेस बेकार’ म्हणतो. त्याला मराठीत नेमका शब्द आहे: सादळलेला. पापड सादळतो, चिवडा सादळतो, तसा पिझ्झाही सादळतो. गरम पिझ्झा बंद खोक्यात ठेवला की त्याची वाफ झाकणाला लागते आणि परत बेसवर उतरते. फुलपाड्याच्या रस्त्यावर संध्याकाळी रिक्षा अडकलेल्या असतात, जुलैत पाणी तुंबलेलं असतं, आणि पोरगा रेनकोटखाली पिशवी सांभाळत वीस मिनिटांनी पोहोचतो. त्यात ओव्हनसमोर उभ्या असलेल्या माणसाचा काय दोष? उपाय सोपा आहे. तवा तापवायचा, तेल न लावता त्यावर तुकडे ठेवायचे, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं. तळ पुन्हा कुरकुरीत होतो. आणि निकाल द्यायचाच असेल तर त्यानंतर द्यावा.

चीजचा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि तिथे मी सौम्य बोलणार नाही. एक किलो मोझरेला करायला गाईचं साधारण दहा लिटर दूध लागतं. म्हशीच्या दुधाला स्निग्धांश जास्त, त्यामुळे ते कमी लागतं, पण लागतं. आता या दुधाचा भाव धरा आणि साठ-सत्तर रुपयांच्या ‘डबल चीज’ पिझ्झाकडे पाहा. हिशेब जुळत नसेल तर कुठेतरी दुधाच्या जागी वनस्पती तेल आणि स्टार्च आले आहेत, असं समजायला जागा आहे. अशा पदार्थाला कायद्याच्या भाषेत ‘ॲनालॉग’ म्हणतात. तो विकायला बंदी नाही. पण त्याला चीज किंवा पनीर म्हणून विकायला बंदी आहे. मार्च २०२५ मध्ये नकली पनीरचा विषय राज्याच्या विधानसभेतही गाजला. म्हणजे ही आपल्या गल्लीपुरती कुरकुर नाही.

हे डोळ्यांनी ओळखता येतं का? खात्रीने नाही, आणि ‘तार निघाली म्हणजे अस्सल’ ही समजूत तर सोडूनच द्यावी. तार निघावी म्हणूनच काही नकली मिश्रणं तयार केलेली असतात, आणि उलट, चांगल्या प्रोसेस्ड चीजची तार निघत नाही. जिभेला थोडं कळतं. दुधाच्या चीजला किंचित खारट-आंबूस दुधाळ चव असते, नकली टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. पण जिभेवर खटला चालत नाही. त्यापेक्षा सरळ विचारावं, ‘दादा, चीजचं पाकीट दाखवता का?’ पाकिटावर लिहिलेलं असतं. ज्याच्याकडे लपवण्यासारखं नाही तो दाखवतो. आम्ही विचारलं तेव्हा एकाने हसत हसत शीतकपाटच उघडून दाखवलं, आणि एकाने ‘मालक नाहीत’ म्हणून सांगितलं. दुसऱ्याकडे आम्ही परत गेलो नाही. दुकानात अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक लावलेला असावा लागतो आणि २०२२ पासून तो बिलावरही छापणं बंधनकारक आहे. तेवढं पाहायला काही सेकंद लागतात. फसवणुकीची खात्रीच वाटली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. तिथे चांदण्यांचा उपयोग नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या भागात एका जोडप्याने ओव्हनचं दुकान काढलं. वहिनी पीठ मळतात, भाऊ ओव्हन सांभाळतात. पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक चांगलं होतं, मग मोबाइलवरच्या चांदण्या घसरल्या. त्यांनी मला शेरे वाचायला दिले. एक होता ‘बकवास’. दुसरा ‘टाइमपास’. तिसऱ्याने एक चांदणी देऊन लिहिलं होतं, ‘मुलगा उशिरा आला.’ चौथ्याने काहीच लिहिलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, ‘काकू, यातून आम्ही सुधारायचं काय? मीठ कमी करू की पीठ बदलू?’ मला उत्तर देता येईना. शाळेत मास्तरांनी वहीवर नुसता भोपळा काढून द्यावा आणि गणित कुठे चुकलं ते सांगूच नये, तशी त्यांची गत झाली होती.

आम्ही मंडळाची बैठक त्यांच्याच दुकानात घेतली. पिझ्झा आला. सॉस चांगला होता, लसणाची फोडणी दिल्यासारखा खमंग. चीज भरपूर. पण मधला भाग कच्चट, तुकडा उचलला की टोक खाली लोंबायचं. नववीतल्या परीक्षकाने तेवढंच सांगितलं, ‘दादा, कडेला भाजलाय, मध्ये कच्चट आहे.’ भाऊंनी तुकडा उलटा करून पाहिला. भाज्या जास्त घातल्या की त्यांचं पाणी सुटतं आणि मध्ये बेस शिजतच नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी नुसता बेस दोन मिनिटं आधी भाजून घ्यायला सुरुवात केली आणि टोमॅटोच्या बिया काढून टाकल्या. मध्यभाग सुधारला. ‘कच्चट’ या एका शब्दाने जे झालं, ते चार ‘बकवास’ मिळून करू शकले नव्हते. दुकान अजून चालू आहे. फार जोरात नाही, पण चालू आहे, आणि घरभाडं त्याच दुकानातून निघतं.

म्हणून श्रोतेहो, माझी विनंती अगदी साधी आहे. यापुढे पिझ्झाला, किंवा कुठल्याही पदार्थाला, शेरा द्याल तेव्हा चार गोष्टी लिहा. काय मागवलं ते. दुकानात खाल्लं की घरी आणलं ते. एक चांगली गोष्ट, नेमक्या शब्दात. आणि एक खटकलेली गोष्ट, तीही नेमक्या शब्दात. कच्चट असेल तर कच्चट म्हणा, वातड असेल तर वातड म्हणा, सादळला असेल तर सादळला म्हणा आणि तो वाटेत सादळला की दुकानातच, हेही सांगा. सॉस मिळमिळीत असेल, मीठ चढलं असेल, बेस दडदडीत असेल, तसंच लिहा. मराठीत लिहा. वाचणाऱ्याला कळतं आणि करणाऱ्याला तर त्याहून जास्त कळतं. दुकान पायी जाण्याच्या अंतरावर असेल तर आधी तोंडाने सांगा, मग मोबाइलवर लिहा. आणि पाच चांदण्या द्याल तेव्हाही कारण लिहा. चांगलं काय झालं हे कळलं नाही, तर ते उद्या पुन्हा कसं करायचं, हे त्या माणसाला कळणार कसं?

घरात मुलं असतील तर त्यांना हा खेळ जरूर लावा. प्रत्येकाने एक शब्द सांगायचा, आणि ‘मस्त’ म्हणायला बंदी. आमच्याकडे पहिल्या दिवशी मुलं गप्प बसली. तिसऱ्या खेपेला सर्वांत धाकटी, सहा वर्षांची, तुकडा चावत म्हणाली, ‘काकू, हा आजीच्या कालच्या पोळीसारखा आहे.’ इतका अचूक शेरा मी मोबाइलवर अजून वाचलेला नाही.